घर बंद, चूल चालू: लॉकडाउनमध्ये सहा माणसांचं घर कसं चालवायचं

कोरोनाच्या लॉकडाउनच्या काळात आमच्या घरात धान्यावरनं एकदाही भांडण झालं नाही. झाली ती संडासाच्या दारावरनं, मोबाइलच्या चार्जरवरनं आणि दिवसातल्या पाचव्या चहावरनं. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं जुनं घर. खाली सोपा म्हणजे पुढची बसायची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, वर माडी, मागं परड्यात मोरी आणि एकच संडास. माणसं सहा: आबा आणि आई म्हणजे माझे सासूसासरे, नवरा, मी, दहावीतली मुलगी, चौथीतला मुलगा. नवऱ्याचं कपड्याचं दुकान बंद. मी दोन-तीन व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते, ते काम घरातनंच. २२ मार्च २०२० च्या रविवारी जनता कर्फ्यू झाला, २५ ला गुढीपाडवा, आणि त्याच दिवसापासून देशभर कुलूप. त्या पाडव्याला गुढीला साखरेची माळ नव्हती. आईंनी घरातल्या गुळाचे खडे दोऱ्यात ओवून बांधले.

एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा तेच. आणि कोल्हापुरात घरात अडकून पडायला साथच लागते असं नाही. ऑगस्ट २०१९ च्या पुरात हायवे पाण्याखाली गेला तेव्हा पेट्रोलला रांगा लागल्या होत्या; जुलै २०२१ मध्ये तर साथ संपलेली नसताना पंचगंगा पुन्हा पात्राबाहेर आली. म्हणून जे चुकत-माकत शिकले ते क्रमानं लिहून ठेवतेय. धान्य भरून ठेवणं सगळ्यांना जमतं. सहा माणसं एका छपराखाली चोवीस तास एकमेकांच्या अंगावर असताना कुणाला कुठला कोपरा, कुठला तास आणि कुठलं काम द्यायचं, हे ठरवायला आम्हाला तीन आठवडे लागले. ते पहिल्या तीन दिवसांत ठरलं असतं तर निम्मी भांडणं वाचली असती.

पहिली पायरी: आधी मोजा, मग पिशवी उचला

पहिली चूक आमची. बंदची बातमी आली तसा नवरा लक्ष्मीपुरीच्या बाजारात पळाला. दोन तास गर्दीत उभा राहून आठ किलो साखर, पाच किलो पोहे आणि तीन किलो साबुदाणा घेऊन आला. घरात तूरडाळ होती अर्धा किलो आणि आबांच्या मधुमेहाच्या गोळ्या चार दिवसांच्या. मधुमेही माणसाच्या घरात आठ किलो साखर! आई दोन दिवस त्या पोत्याकडं बघून नुसत्या मान हलवत होत्या.

तर आधी कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवा. तीन रकाने पाडा: शिल्लक किती, दिवसाला लागतं किती, संपणार कधी. मधला रकाना अंदाजानं भरू नका. दोन दिवस खरंच मोजा. पीठ डब्यातनं काढताना वजनकाट्यावर ठेवा, काटा नसेल तर ठरलेली एकच वाटी वापरा. सगळे घरात असले की खाणं वाढतं, त्यामुळं नेहमीचा अंदाज इथं चालत नाही. आमचा हिशेब असा निघाला: ज्वारी-गहू मिळून दिवसाला सव्वा किलो पीठ, तांदूळ अर्धा किलो, डाळ-कडधान्य तीनशे ग्रॅम, तेल १२५ मिली. तीस दिवसांना साडेसदतीस किलो धान्य, पंधरा किलो तांदूळ, नऊ किलो डाळी-कडधान्य, पावणेचार लिटर तेल. तुमचा आकडा वेगळा येईल, पद्धत हीच.

महिन्याच्या वर साठा करू नका. एक तर उन्हाळ्यात पीठाला आणि रव्याला कीड लागते. दुसरं म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात जे येतं ते मोजकंच असतं. तुम्ही तीन महिन्यांचं उचललंत की रोजच्या रोज आणून खाणाऱ्याच्या ताटातलं गेलं.

गॅसच्या टाकीवर जोडल्याची तारीख खडूनं लिहा. १४.२ किलोची टाकी आम्हाला एरवी ३८ दिवस जायची, लॉकडाउनमध्ये २७ व्या दिवशी संपली. ती तारीख लिहिली नसती तर ऐन भाकरीच्या वेळी धावाधाव झाली असती.

औषधांची यादी वेगळ्या कागदावर करा. रोजच्या गोळ्या तीस दिवसांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोन मोबाइलमध्ये, डिजिटल थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, साखर तपासायच्या पट्ट्या. आणि पॅड. यादी पुरुषाच्या हातात असली की ही ओळ कुणी लिहीत नाही आणि मग दहावीतल्या पोरीला बापाकडं मागायची वेळ येते.

दुसरी पायरी: उंबरठा

बाहेर एकानंच जायचं. आमच्यात नवरा. आबांना हे अजिबात पटलं नाही. चाळीस वर्षं रोज सकाळी गंगावेशीत म्हशीचं ताजं दूध पिऊन आलेला माणूस. तिसऱ्या दिवशी टोपी घालून दारात उभे. मी आडवी आले तर म्हणाले, “मला काय जेलात घातलंयस व्हय गं?” मी काही बोलले नाही. मुलानं त्यांची टोपी काढून खुंटीला लावली आणि “आबा, डाव अर्धा राहिलाय,” म्हणून हाताला धरून सोप्यात नेलं. म्हाताऱ्या माणसाला नियम सांगून थांबवता येत नाही, त्याला घरात काहीतरी काम लागतं. त्या कामाचं पुढं सांगते.

दाराजवळ तीन गोष्टी हव्यात: किल्ली-पिशवी-मास्कसाठी एक खुंटी, चपलांची जागा आणि साबण-पाणी. बाहेरून आल्यावर हात साबणानं वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यात आणि नखांखाली. कापडी मास्क रोज धुऊन उन्हात.

सुरुवातीला आम्ही दुधाच्या पिशव्या, कांदे, बटाटे, नोटा, काय वाटेल ते धुतलं. एकदा मेथीची जुडी साबणाच्या पाण्यातनं काढली आणि ती भाजी कुणालाच खाता आली नाही. भाजीला साबण लावायचा नाही, वाहतं पाणी पुरे. हा रोग वस्तूंवरनं क्वचित आणि बंद खोलीतल्या हवेतनं जास्त पसरतो, हे नंतर स्पष्ट झालं. म्हणजे आम्ही खिडक्या लावून आत बसून कांदे धूत होतो! पेठेतल्या घरांना पुढंमागंच काय त्या खिडक्या, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत. अशा घरात पुढचं दार आणि परड्याचं दार दिवसातनं तीन-चार वेळा एकदम उघडं ठेवा, म्हणजे वारा आरपार जातो. मागच्या खिडकीत टेबलफॅन तोंड बाहेर करून लावला तर आतली हवा बाहेर ओढली जाते. आमच्याकडं हा पंखा पुढं मिरची भाजतानाही कामी आला.

तिसरी पायरी: घराची वाटणी, जागेची आणि तासांची

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. एका संध्याकाळी सगळ्यांना बसवा, लहानांनाही, आणि दोन प्रश्न विचारा: “तुला दिवसात कधी एकटं राहावंसं वाटतं?” आणि “तुला घरातली कुठली जागा आवडते?” आमच्या घरात पंचवीस वर्षांत हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं. आई म्हणाल्या, “मला कशाला जागा? मी स्वयंपाकघरात असतीच की.” थोड्या वेळानं आपणहून म्हणाल्या, “दुपारी माडीवर पडायला मिळालं तर बरं.” लग्न होऊन आल्यापासून त्या माडीवर दुपारी कधी झोपल्याच नव्हत्या, माडी म्हणजे पाहुण्यांची आणि पोरांच्या अभ्यासाची.

मग एका कागदावर आम्ही घराचे चार भाग आणि दिवसाचे सहा तुकडे पाडले. दुपारी एक ते तीन माडी आईंची, तिथं कुणी जायचं नाही, मोबाइल चार्ज करायलाही नाही. सकाळी दहा ते एक मधली खोली माझी, हिशेबासाठी. दार लोटलेलं असलं की मी घरात नाही असं समजायचं. मुलानं त्या दारावर “आई दुकानात गेली आहे” अशी पाटी लावली. ती कडी-कुलपापेक्षा जास्त उपयोगी पडली, कारण आबासुद्धा ती वाचून मागं फिरायचे. संध्याकाळी सहा ते सात परडं मुलीचं. ती तिथं मैत्रिणींशी फोनवर काय बोलते हे कुणी ऐकायचं नाही. नवऱ्याला रात्री जेवणानंतर सोपा. दुकान बंद, डोक्यावर हप्ते. त्याला नुसतं गप्प बसायला जागा हवी होती, हे मला उशिरा कळलं.

संडास-मोरीचं वेळापत्रक करताना हसू येतं, पण करा. सकाळी साडेसहा ते नऊ हा काळ पंधरा-पंधरा मिनिटांत वाटा. मोठ्या माणसांना आधी, ज्यांना कुठं जायचं नाही त्यांना नंतर. आणि मोबाइल आत न्यायचा नाही, हा नियम तोंडी ठेवू नका, लिहून लावा.

२०२० मध्ये शाळा-कॉलेजं मोबाइलवर सुरू झाली आणि वाटणी मोडली. घरात चांगला मोबाइल एक, शिकणारी पोरं दोन. तेव्हा तास पुन्हा आखावे लागले. ज्याचा वर्ग प्रत्यक्ष चालू आहे त्याला मोबाइल, दुसऱ्याला नुसता पाठवलेला अभ्यास असेल तर संध्याकाळी. चार्जरची जागा एकच, सोप्यातल्या कोनाड्यात. मोबाइल पलंगावर चार्जिंगला गेला की तो परत येत नाही. कागद दर रविवारी बदला. एकदा ठरवून तो भिंतीवर पिवळा पडू दिला तर पंधरा दिवसांत कुणी पाळत नाही.

चौथी पायरी: कामाची यादी आणि पाचवा चहा

एका दिवशी मी सकाळपासनं घरात कोण काय करतं ते वहीत लिहिलं. हिशेबनीसाची खोड. रात्री मोजलं तर ४३ कामं झाली होती, त्यातली ३१ आईंनी आणि मी मिळून केलेली. भांड्याला येणाऱ्या मावशी बंद होत्या (त्यांचा पगार आम्ही चालू ठेवला, जमेल त्यांनी ठेवावाच). मी काही भाषण केलं नाही, वही जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली. नवऱ्यानं वाचली, आबांनी चष्मा मागवून वाचली.

वाटणी करताना “मदत कर” असं म्हणू नका. अख्खं काम द्या, सुरुवातीपासनं शेवटापर्यंत. “भांडी घासायला मदत” म्हटलं की माणूस चार ताटं विसळून निघून जातो आणि कढई तशीच राहते. “रात्रीची भांडी तुमची” म्हटलं की कढई, ओटा, मोरीतलं खरकटं, सगळं त्यात आलं. पहिले आठ दिवस काम वाईट होणार. झालेलं काम पुन्हा करायला जाऊ नका. नवऱ्याच्या पहिल्या भाकरीचा आकार सांगण्यासारखा नव्हता. आईंनी ती मोडून रश्श्यात कुस्करली आणि खाल्ली.

आबांना मी तीन कामं दिली: कडधान्य निवडून भिजत घालणं, कुंड्यांना पाणी आणि घरातल्या सगळ्यांच्या तापाची नोंद. तिसरं काम त्यांनी इतकं मनावर घेतलं की सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर घेऊन मागं लागायचे. त्यांचं बाहेर जायचं वेड तिथं उतरलं.

चहाचा नियम: दिवसातनं दोनदा सगळ्यांचा एकत्र चहा. मधे ज्याला लागेल त्यानं स्वतः करायचा, विचारायचं नाही, आणि पातेलं-गाळणी धुऊन ठेवायची. पाचवा चहा आठवड्यात बंद झाला.

पाचवी पायरी: वर्षाची चटणी, मिक्सरवर

हे साथीच्या लेखात कशाला, असं बाहेरगावचा माणूस विचारेल. कोल्हापूरच्या घरात चटणी म्हणजे तोंडीलावणं नव्हे. कांदालसणाचा हा तिखट मसाला वर्षभर आमटीत, रश्श्यात, मिसळीच्या कटात पडतो. तो करायचा हंगाम मार्च ते मे, म्हणजे नेमका लॉकडाउनचा. कांडप बंद, मिरची मिळाली तर थोडी. तेव्हा लहान घाण्याची चटणी घरातच करायची.

पाव किलो मिरची घ्या, निम्मी संकेश्वरी तिखटासाठी, निम्मी ब्याडगी रंगासाठी. देठ काढून दोन दिवस कडक ऊन द्या, मोडली की कट्‌ आवाज आला पाहिजे. तीन मध्यम कांदे उभे चिरून एक दिवस वाळवा आणि मग तेलात तांबूस कुरकुरीत तळा. कांद्यात ओल राहिली की चटणीला बुरशी येते, इथं घाई नको. सुकं खोबरं दीडशे ग्रॅम, धणे शंभर ग्रॅम, तीळ पन्नास ग्रॅम वेगवेगळे भाजा. लवंग, मिरे, दालचिनी, मसाला वेलची, दगडफूल मिळून पंचवीस ग्रॅम, थेंबभर तेलावर. मिरची शेवटी, मंद आचेवर, काळी पडू न देता. सगळं पूर्ण गार झाल्यावर मिक्सरला लावा. एका वेळी भांडं निम्मंच भरा, दहा सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापून मसाल्याला तेल सुटतं आणि मोटार जळते. मिरचीची पूड चाळून घ्या, मग बाकीचं, आणि अगदी शेवटी सव्वाशे ग्रॅम सोललेला लसूण आणि साठ-सत्तर ग्रॅम मीठ. कोरड्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचा खडा.

मिरची भाजताना ठसका लागतोच. त्या दिवसांत आमच्या खोकल्याचा आवाज आला की समोरच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या. शेवटी आईंनी गॅलरीतनं ओरडून सांगितलं, “चटणी भाजतोय ओ, आजारी न्हाई कोन!” संध्याकाळी दोरीला पिशवी बांधून काकूंकडं वाटीभर चटणी पोचली.

ताज्या भाजीचा भरवसा नव्हता तेव्हा या चटणीनं घर चाललं. मटकी-हुलग्याला मोड आणा, पिठलं करा, वाळवणाचे सांडगे रश्श्यात सोडा, शिळ्या भाताला फोडणी द्या.

सहावी पायरी: घरात माणूस आजारी पडलं तर

एप्रिल २०२१. मी लसणाची फोडणी दिली आणि फोन आला म्हणून वळले. लसूण करपून सोप्यापर्यंत धूर गेला. चुलीपासून चार हातांवर बसलेल्या नवऱ्यानं विचारलं, “आज फोडणी दिली नाहीस काय?” त्याला वास येत नव्हता. मी गॅस बंद केला आणि म्हटलं, “उठा, वर माडीवर जा.”

त्याच क्षणी माणूस वेगळा करायचा, तपासणीचा निकाल येईपर्यंत थांबायचं नाही. खोली अशी निवडा जिची खिडकी बाहेर उघडते. आजारी माणसाची आणि बघणाऱ्या माणसाची, दोघांचीही तोंडं-नाकं झाकलेली हवीत. बघणारं माणूस एकच, शक्यतो तरुण आणि निरोगी. ताट-वाटी वेगळी ठेवा, पण ती साबणानं घासली की पुरे, फेकायची गरज नाही. आमच्या माडीच्या जिन्याच्या सहाव्या पायरीवर स्टूल ठेवलं होतं. ताट तिथं ठेवायचं, हाक मारायची, खाली यायचं, मग त्यानं घ्यायचं.

एकच संडास असेल तर आजारी माणसानं सगळ्यांचं आटोपल्यावर जायचं, मास्क लावून, आणि बाहेर आल्यावर दार-खिडकी उघडी ठेवून अर्धा तास हवा खेळू द्यायची. कडी, नळ, फ्लशचं बटण पुसून घ्या. ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: ती संडास धुवायच्या अ‍ॅसिडमध्ये कधीही मिसळायची नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो आणि लहानशा मोरीत माणूस गुदमरतो.

वहीत दिवसातनं चार वेळा नोंद: वेळ, ताप, नाडी, ऑक्सिजन. ऑक्सिमीटर लावायची रीत आहे. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, हात गार असेल तर चोळून गरम करायचा, नखाला रंग नको, मधलं किंवा अंगठ्याशेजारचं बोट घालायचं, हात छातीशी स्थिर धरायचा आणि आकडा एकाच जागी थांबेपर्यंत वाट बघायची. पहिला दिसेल तो आकडा लिहू नका. बसल्या जागी ९४ च्या खाली गेला तर ताबडतोब डॉक्टरांना फोन. बसून ठीक दिसत असेल तर सहा मिनिटं खोलीत चालायला लावून पुन्हा बघा. चालल्यावर ९४ च्या खाली उतरला किंवा तीनपेक्षा जास्त अंकांनी घसरला तर तोही धोक्याचाच इशारा. आधीच दम लागत असेल त्याला चालवू नका, आणि साठीच्या पुढच्यांना चालवायचं असेल तर तीनच मिनिटं.

पहिले चार दिवस ताप कमी-जास्त होतो आणि माणूस म्हणतं, बरा आहे मी. पाचव्या ते दहाव्या दिवसांत जास्त जपायचं असतं. नवऱ्याचा आकडा सातव्या दिवशी बसून ९६ आणि चालून ९२ आला. तो म्हणत होता, “मशीन बिघडलंय.” मी माझ्या बोटाला लावलं, ९८. वाद संपला. बेड मिळेपर्यंतचे चार तास डॉक्टरांनी फोनवरनं सांगितल्याप्रमाणं तो पोटावर पालथा झोपून होता, छातीखाली आणि पायांखाली उशा. तेवढ्यानं आकडा दोन-तीन अंकांनी वर राहिला. पालथं झोपवणं जेवल्यावर तासभर आणि गरोदर बाईला करायचं नाही. पाच दिवसांनी तो घरी आला.

दम लागणं, छातीत दाबल्यासारखं होणं, ओठ निळसर दिसणं, माणूस गोंधळल्यासारखं बोलणं, जागं न राहणं: यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा, आकड्याची वाट बघू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरनं घेऊ नका. मधुमेह्याची साखर त्यानं भडकते, आणि त्या वर्षी काळ्या बुरशीनं माणसांचे डोळे गेले त्यामागं हे एक कारण होतंच. वाफेचं पातेलं लहान मुलांच्या आसपास नको, पोरं भाजतात.

सातवी पायरी: पोरं

मुलीचा दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्च २०२० ला होता. आधी पुढं ढकलला, मग रद्दच झाला. तीन आठवडे ती नकाशाची वही घेऊन बसली होती. मोठ्यांना वाटतं, पेपर रद्द झाला म्हणजे पोरं खूश. ती एक दिवस रडली, कारण तिनं तेवढ्याच विषयाची खरी तयारी केली होती. अशा वेळी “बरं झालं की” असं म्हणू नका, ऐकून घ्या. तिनं मग आबांना विचारून आमच्या पेठेचा नकाशा काढला: जुनी विहीर कुठं होती, कुठल्या तालमीत ते जायचे, पुराचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं. तो आजही सोप्यात लावलेला आहे.

लहानाला आईंनी सागरगोटे आणि काचापाणी शिकवलं. दुपारी दोन तास स्क्रीन पूर्ण बंद, त्यात मोठ्यांचेही मोबाइल आले, नाहीतर नियम टिकत नाही. बातम्या दिवसातनं एकदाच आणि मुलगा झोपल्यावर. आकडे ऐकून तो रात्री उठून आबांचा श्वास चालू आहे का ते बघायचा, हे आम्हाला महिन्यानं कळलं.

आठवी पायरी: पैसे

घरातला पैसा किती आठवड्यांचा आहे, हे नवरा-बायको दोघांनाही माहीत हवं. खर्च तीन गटांत लिहा: थांबवता येतच नाही, पुढं ढकलता येईल, बंद करता येईल. २०२० मध्ये कर्जाचे हप्ते तीन महिने आणि मग ऑगस्टअखेरपर्यंत पुढं ढकलायची सवलत होती. बऱ्याच जणांना ती माफी वाटली. व्याज चालूच होतं. आमच्याकडं दुकानाच्या कर्जाला घेतली आणि दुचाकीच्या हप्त्याला नाही, कारण तो झेपत होता. अशी सवलत पुन्हा आली तर बँकेत विचारा, शेवटी एकूण किती जास्त भरावे लागणार, आणि तो आकडा कागदावर मागा. रेशनकार्ड कपाटाच्या तळाशी नको, आधार जोडलेलं आहे का ते आधीच बघा. सोनं मोडायचा विचार रात्री करू नका.

नववी पायरी: गल्ली

आपल्या गल्लीत एकटी राहणारी म्हातारी माणसं कोण, हे पहिल्या दिवशीच बघा. तालमीची पोरं शिधा पोचवत होती, पण औषध, मोबाइलचा रिचार्ज, नळाचा वॉशर असल्या बारीक गोष्टी शेजाऱ्यालाच कळतात. समोरच्या काकूंची आणि आमची खूण ठरली होती: सकाळी आठपर्यंत त्यांच्या गॅलरीत ओला टॉवेल दिसला नाही तर आम्ही फोन करायचा. दोनदा करावा लागला. एकदा त्या नुसत्या उशिरा उठल्या होत्या, एकदा मोरीत घसरून पडल्या होत्या.

काही घरांत बंद दाराआड मारहाणही चालते, हे गल्लीला ऐकू येतं. तेव्हा “त्यांच्या घरातलं” म्हणून पंखा मोठा करू नका. ११२ पोलिसांना, १८१ बाईसाठी, १०९८ मुलासाठी. फोन शेजाऱ्यानं केला तरी चालतो.

आणि दार उघडल्यावर

निर्बंध उठले त्या दिवशी सगळे एकदम बाहेर पडू नका. आबांना पहिले आठ दिवस फक्त परड्यातनं गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत, कारण तीन महिने बसून पायातलं बळ गेलेलं असतं. उरलेलं धान्य जुनं आधी, नवं नंतर असं लावून घ्या. औषधांच्या तारखा बघून मुदत संपलेली बाजूला काढा. चटणीच्या बरणीत ओला चमचा गेला नाही ना ते तपासा. ऑक्सिमीटर आणि थर्मामीटरमधले सेल काढून ठेवा, नाहीतर ते आतच गळतात आणि लागेल तेव्हा यंत्र चालत नाही. आमचं पहिलं असंच गेलं.